महाविद्यालयातील क्रीडा-प्रशिक्षकाचे स्थान : प्रा. दि. ब. देवधर आणि अमेरिकेतील प्राध्यापक-प्रशिक्षक

प्रास्ताविक

भारतीय क्रिकेटच्या इतिहासात दिनकर बळवंत देवधर (१८९२-१९९३) यांचे नाव फलंदाज व कर्णधार म्हणून घेतले जाते. त्यांच्या नावामागे ‘प्राध्यापक’ ही उपाधी सर्वत्र लावलेली आढळते; परंतु क्रीडाविषयक लेखनात ती केवळ आदरवाचक म्हणून येते आणि तिच्यावर फारसा विचार होत नाही. वस्तुतः देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत होते. १९१६ मध्ये न्यू पूना कॉलेज या नावाने सुरू झालेल्या या संस्थेतील अध्यापकपद हा त्यांच्या दीर्घ क्रीडाजीवनाचा आर्थिक व सामाजिक पाया होता, हे ध्यानात घेतले म्हणजे एक वेगळाच प्रश्न समोर येतो. महाविद्यालयाच्या रचनेत खेळ शिकविणाऱ्या माणसाचे स्थान नेमके कोणते? तो अध्यापक आहे, कर्मचारी आहे, की हौशी उपकारकर्ता?

हा प्रश्न अमेरिकेतील महाविद्यालयांनी एका खेळाच्या निमित्ताने फार पूर्वी सोडविण्याचा प्रयत्न केला. तो खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. तेथील लहान महाविद्यालयात फुटबॉल शिकविणे ही आयुष्यभराची कारकीर्द होऊ शकते. आपल्याकडे तशी कारकीर्द का घडत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. त्यासाठी देवधरांचे उदाहरण अनेक दृष्टींनी उद्बोधक ठरते; कारण त्यांना प्रशिक्षकाचे पद कोणी दिले नव्हते, तरीही त्या पदाची कामे त्यांनी मैदानावर केली.

खेळाचे स्वरूप आणि प्रशिक्षकाचे महत्त्व

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा निराळा, रग्बीतून विकसित झालेला खेळ आहे. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांत संपतो, खेळ थांबतो आणि पुढच्या प्रयत्नासाठी नवी आखणी होते. कोणी कोणाला अडवावयाचे, कोणी कोणत्या दिशेने धावावयाचे, हे आधीच ठरलेले व घोकलेले असते. त्यामुळे या खेळाची बुद्धी बऱ्याच अंशी मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या डोक्यात असते. तो रजेवर गेला तर संघ केवळ कमकुवत होत नाही, दिशाहीन होतो.

क्रिकेटमध्ये ही बुद्धी मैदानाच्या आत असते. क्षेत्ररक्षणाची मांडणी, गोलंदाजीतील बदल, डाव घोषित करण्याची वेळ, नवख्या फलंदाजाला दिलेला धीर, ही सारी कामे कर्णधार करतो. आणि देवधरांच्या काळात तर संघाबरोबर वेगळा प्रशिक्षक ठेवण्याची पद्धत रुळलेली नव्हती. म्हणून अमेरिकन प्रशिक्षकाची तुलना करावयाची ती आपल्याकडील त्या काळच्या कर्णधाराशी करणे अधिक योग्य होय. ही गोष्ट दुर्लक्षिल्यास दोन भिन्न खेळांची तुलना ओढूनताणून केल्यासारखी वाटेल.

शिकागो येथील प्रयोग

१८९२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी एमॉस अलॉन्झो स्टॅग या तीस वर्षांच्या तरुणाला शारीरिक संवर्धन विभागाचा प्रमुख नेमले आणि त्याला सहयोगी प्राध्यापकाचा कायम दर्जा दिला. फुटबॉल शिकविणाऱ्यास प्राध्यापकवर्गात कायम स्थान मिळाल्याचे हे पहिले ठळक उदाहरण. स्टॅग येल येथे धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. परंतु व्यासपीठावरील वक्तृत्व आपल्याला साधणार नाही हे ओळखून त्यांनी तरुणांना घडविण्याचा मार्ग मैदानातून शोधला. त्यासाठी ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेत गेले. याच शाळेत जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉल हा खेळ तयार केला, हे वाचकांना ठाऊक असेलच.

शिकागोत स्टॅग यांनी एक्केचाळीस हंगाम काढले. त्यांच्या यशाची यादी येथे देण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. प्राध्यापकपदामुळे त्यांना जी स्थिरता लाभली तिचा दुसरा परिणाम असा झाला, की त्यांचा विभाग इतर विद्याशाखांच्या नियंत्रणाबाहेर राहिला. प्रेक्षकांच्या तिकिटांतून येणारे उत्पन्न वाढत गेले आणि खेळ हा शिक्षणाचा भाग की विद्यापीठाची जाहिरात, हा वाद त्याच विद्यापीठात उभा राहिला. सत्तराव्या वर्षी नियमानुसार त्यांना पद सोडावे लागले. पुढे १९३९ मध्ये अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या कारकीर्दीत विद्यापीठाने फुटबॉल बंदच केला. स्टॅग यांच्या नावाच्या त्या ओस पडलेल्या मैदानाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली नियंत्रित अणु-साखळीप्रक्रिया घडवून आणली. विद्यापीठांच्या इतिहासात एका जागेचे प्रयोजन इतक्या टोकाने बदलल्याचे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो यानंतरचा भाग. सक्तीने निवृत्त झालेले स्टॅग कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहान महाविद्यालयात गेले आणि तेथे १९३३ ते १९४६ अशी चौदा वर्षे त्यांनी संघ सांभाळला. १९४३ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, देशातील वर्षाचा सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली. त्यानंतर पेन्सिल्व्हेनियातील सस्क्वेहाना या छोट्या संस्थेत ते आपल्या मुलासोबत काम करीत राहिले. १९६५ मध्ये निधन झाले तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षांचे होते. मोठ्या विद्यापीठाला ज्याचा उपयोग संपला होता त्याला लहान महाविद्यालयाने आणखी वीस वर्षे शिक्षक म्हणून वागविले.

याच परंपरेतील दुसरे नाव जॉन गाग्लिआर्डी यांचे. १९४९ मध्ये मोन्टानातील कॅरोल महाविद्यालयात त्यांनी काम सुरू केले, १९५३ पासून मिनेसोटातील सेंट जॉन्स विद्यापीठात ते साठ हंगाम राहिले आणि २०१२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या नावावर ४८९ विजय आहेत; महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एवढे विजय इतर कोणत्याही प्रशिक्षकाने मिळविलेले नाहीत. त्यांची रीत चमत्कारिक वाटावी अशी होती. सरावात एकमेकांना खाली पाडावयाचे नाही, शिट्टी वाजवावयाची नाही, सराव दीड तासापेक्षा जास्त लांबवावयाचा नाही, आणि विद्यार्थ्यांनी आपल्याला ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणावयाचे. शिस्तीशिवाय खेळ नाही असे मानणाऱ्या आपल्या जिमखान्यांना हे पटणे अवघड आहे. सेंट जॉन्स ही संस्था १९७३ मध्ये निर्माण झालेल्या ज्या तिसऱ्या श्रेणीत मोडते, तेथे क्रीडा-शिष्यवृत्ती देता येत नाही. म्हणजे मैदानावर येणारा विद्यार्थी शुल्क भरून शिकणारा सामान्य विद्यार्थीच असतो. या श्रेणीतील प्रशिक्षकाला पुष्कळदा शारीरिक शिक्षणाचे तास घ्यावे लागतात, दुसऱ्या एखाद्या खेळाचा भार उचलावा लागतो, प्रवेशप्रक्रियेतही हातभार लावावा लागतो. तरीही त्याच्याकडे तीन गोष्टी असतात : एक खेळ, संपूर्ण हंगाम आणि तेच विद्यार्थी सलग चार वर्षे. कारकीर्द घडते ती या तिहींमुळे.

प्रा. देवधर : पद नसलेला प्रशिक्षक

देवधरांनी प्रथम दर्जाचे क्रिकेट १९११ मध्ये खेळावयास आरंभ केला आणि १९४० च्या दशकापर्यंत ते खेळत राहिले. ८१ सामने, ४,५२२ धावा, ९ शतके ही त्यांची प्रथम दर्जाच्या सामन्यांतील नोंद. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा केल्या. पण भारताने १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिला अधिकृत कसोटी सामना खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. कसोटी खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. एखाद्याची कारकीर्द येथे संपली असती. देवधरांची खऱ्या अर्थाने यानंतर सुरू झाली.

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली आणि प्रादेशिक संघांना महत्त्व आले. १९३९ ते १९४१ या काळात देवधर महाराष्ट्राचे कर्णधार होते. वय ४७ ते ४९. संघातील बहुतेकांच्या दृष्टीने ते वडीलधारेच. या काळात महाराष्ट्राने सलग दोनदा करंडक जिंकला : १९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून आणि १९४०-४१ मध्ये मद्रासला त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून नमवून. सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या त्या याच काळात, पुण्यातच. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. पुढच्या हंगामात मुंबईविरुद्धच्या सामन्यात महाराष्ट्राच्या ६७५ आणि मुंबईच्या ६५० धावा झाल्या. एकेका डावातच एवढ्या धावा झाल्याने पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागला. त्यात ४८ वर्षांच्या कर्णधाराच्या धावा होत्या २४६. शिकविणारा स्वतः खेळपट्टीवर उभा राहून दाखवीत होता, याहून प्रभावी पाठ कोणता असणार? १९४४-४५ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत शतके केली.

महाराष्ट्र त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ अशा तीन वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. तिन्ही वेळा करंडक दुसऱ्यांकडे गेला. या तुलनेवरून देवधरांच्या दोन हंगामांचे मोल कळते.

येथे अर्थव्यवहाराचा विचार अपरिहार्य आहे. त्या काळी क्रिकेटमध्ये पोट भरण्याचा प्रमुख मार्ग संस्थानिकांच्या आश्रयाचा होता. पतियाळाच्या महाराजांनी फ्रँक टॅरंट या ऑस्ट्रेलियन खेळाडूस पदरी ठेवले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. असा आश्रय महाराजांच्या मर्जीवर चाले. महाविद्यालयातील संस्कृतच्या अध्यापकाला त्या मर्जीची गरज नव्हती. ज्या स्वातंत्र्यासाठी स्टॅग यांना विद्यापीठाने मैदानावरील कामाचे वेतन दिले, ते स्वातंत्र्य देवधरांना व्याकरण व काव्य शिकविण्याच्या वेतनातून मिळाले. फरक असा, की शिकागोत खेळ शिकविणे हेच काम होते. पुण्यात ते कामाबाहेरचे काम होते. अशा व्यवस्थेत त्या कामाचा वारस कोण, हा प्रश्नच उत्पन्न होत नाही. संस्कृतचे पद रिकामे झाल्यावर जाहिरात निघते. मैदानावरील जागा रिकामी झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही.

घरापुरता मात्र हा वारसा चालला. तारा, सुंदर आणि सुमन या देवधरांच्या तिघी कन्यांनी १९४० च्या दशकात बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले.

प्राध्यापकपदाची दुसरी बाजू

प्राध्यापकपदाने देवधरांना जसे स्वातंत्र्य दिले तसा अधिकारही दिला, आणि तो अधिकार सर्वांना खुला नव्हता. याच पुण्यात पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील गोलंदाज युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये मैदानाची देखभाल करीत आणि जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी गोलंदाजी टाकीत. आजच्या भाषेत हे प्रशिक्षण-साहाय्यच होय. त्याचा मोबदला मजुरीचा होता. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांच्या गोलंदाजीचा उपयोग करून घेतला, पण चहा त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यातून दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही.

१९२० च्या चौरंगी स्पर्धेच्या वेळी हा प्रश्न चव्हाट्यावर आला. बाळूंना संघातून वगळण्यात आले होते. कर्णधार म. दा. पै आजारी पडल्यावर नेतृत्व देवधरांकडे देण्यात आले. अनुभवाने ज्येष्ठ असलेले बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांचा विचार झाला नाही. दोघा बंधूंनी निषेध म्हणून सामन्यातून माघार घेतली. १९२३ मध्ये अखेर विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. या प्रकरणात देवधरांना व्यक्तिशः दोषी धरण्यात अर्थ नाही. परंतु उच्चवर्णीय, उच्चशिक्षित आणि महाविद्यालयाशी संबंधित व्यक्तीकडे नेतृत्व आपोआप चालत जावे, आणि ज्याने आयुष्य मैदानावर घालविले त्याचे ज्ञान हाताचे कसब ठरावे, हा प्रकार केवळ क्रिकेटपुरता मर्यादित नव्हता. रणजी स्पर्धेची रचना प्रांतवार असल्याने तेथे धर्माची अट गळून पडली. मराठी ख्रिस्ती कुटुंबातील हजारे पंचरंगी स्पर्धेत ‘इतरेजन’ संघाकडून खेळत, पण महाराष्ट्राच्या संघात ते पूर्णपणे महाराष्ट्राचे होते. देवधरांचे सर्वांत यशस्वी नेतृत्व या नव्या रचनेत घडले, ही बाब योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

शारीरिक शिक्षण संचालक : एका पदाचा इतिहास

स्प्रिंगफील्डची परंपरा भारतात आली ती हॅरी क्रो बक यांच्यामार्फत. त्या शाळेत शिकलेल्या बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला जाणाऱ्या भारतीय चमूचे व्यवस्थापकपद सांभाळले. त्याआधी, १९१९ मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा पाहून सर दोराबजी टाटा यांना भारतीय खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना सुचली होती. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या सहा जणांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये त्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. मुंबई इलाख्यात स्वामी कुवलयानंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९३८ मध्ये कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था निघाली. शाळा-महाविद्यालयांना प्रशिक्षित शिक्षक मिळू लागले.

तथापि १९६१ मध्ये पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था स्थापन झाल्यावर दोन वाटा वेगळ्या झाल्या. एका खेळाचे सखोल शिक्षण घेतलेला तो ‘प्रशिक्षक’ आणि शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेला तो ‘शिक्षक’. १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. पहिल्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत होते. हा सन्मान पहिल्या वाटेचा. महाविद्यालयांनी नेमले ते दुसऱ्या वाटेचे लोक.

आज कागदोपत्री महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकाचे पद अध्यापकाच्या समकक्ष आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० व २०१८ च्या विनियमांनुसार त्याला पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा आणि शारीरिक क्षमता चाचणी आवश्यक आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने बारा मिनिटांत १,८०० मीटर धावून अथवा चालून दाखवावयाचे असते. नेमणुकीनंतर मात्र त्याचे पाय मैदानापेक्षा कार्यालयाकडे अधिक वळतात. डझनावारी खेळांच्या प्रवेशिका, पात्रता-अर्ज, प्रवासभत्त्याची देयके, मैदानाची देखभाल, क्रीडागुणांचे प्रस्ताव, राष्ट्रीय दिनांचे संचलन, हे सारे एका माणसाकडे असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या व दोन-तीन दिवसांच्या. संघ जिंकतो तो बाहेरच्या क्लबात तयार होऊन आलेल्या विद्यार्थ्यांच्या बळावर. हरतो तेव्हाही संचालकाच्या शिकविण्याचा त्याच्याशी संबंध जोडणे कठीण असते. जेथे कामाचा आणि निकालाचा धागा जुळत नाही तेथे कारकीर्द घडत नाही, नोकरी होते. पदोन्नतीच्या वेळी या माणसाकडे शोधनिबंध मागितले जातात. त्याने कोणाला काय शिकविले, हे विचारण्यासाठी तक्त्यात पुरेशी जागा नाही. संचालकांविषयी आपण अध्यापककक्षात ज्या स्वरात बोलतो त्याचे मूळही बहुधा येथेच असावे.

पुण्यातच याला एक अपवाद सापडतो. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बोट क्लबने मुळा-मुठेच्या पात्रात नौकानयनाची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालविली. तेथील सातत्याचा आधार विद्यार्थी स्वतः आहेत. वरच्या वर्गातील विद्यार्थी खालच्यांना शिकवितात. एक खेळ, एक जागा, सलग वर्षे : सेंट जॉन्सच्या ज्या तीन गोष्टी वर सांगितल्या त्यांच्याशी याचे साम्य उघड आहे.

यावरून एक व्यवहार्य सूचना मांडावीशी वाटते. शहरातील महाविद्यालयांनी सर्व खेळांत नाममात्र संघ उतरविण्याऐवजी परस्पर विचारविनिमयाने एकेक-दोनदोन खेळ वाटून घ्यावेत, त्या खेळाचा पतियाळा-प्रशिक्षित शिक्षक नेमावा आणि त्याच्या मूल्यमापनात तीन वर्षे त्याच्या हाताखाली राहिलेल्या विद्यार्थ्यांची प्रगती धरावी. आक्षेप असा घेतला जाईल, की त्यामुळे इतर खेळांतील विद्यार्थ्यांवर अन्याय होईल आणि गुणवान खेळाडू पळविण्याची चढाओढ वाढेल. दुसरा आक्षेप खरा आहे; शिकागोत तेच घडले. पहिल्या आक्षेपावर विद्यापीठाचे क्रीडा मंडळ विद्यार्थ्याला दुसऱ्या महाविद्यालयाच्या मैदानावर सराव करण्याची मुभा देऊन उपाय काढू शकेल. आर्थिक भाराचा हिशेब मात्र प्रत्येक संस्थेने आपल्या जिमखाना-शुल्काच्या जमाखर्चातून प्रथम मांडला पाहिजे. ते शुल्क प्रत्येक विद्यार्थी भरतो, मैदानावर पाऊल न ठेवणारासुद्धा.